गाडी झोपते कुठे?

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी पस्तीस वर्षं काढली. सढळ हाताने गुण देणारा म्हणून माझी ख्याती तिथे कधीच नव्हती. निवृत्तीनंतर कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि तिथेही स्वभाव बदलला नाही. बदलायचा तरी कशाला? तेव्हा आता जिच्याबद्दल लिहितो आहे त्या बाईला मी शंभरपैकी शंभर देणार असेन, तर त्यात माझा काही ढिलेपणा नाही, एवढं समजून घ्यावं. तिचं नाव आम्रपाली ओव्हाळ. खडकी स्टेशनच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये तिचं गॅरेज आहे.

तिच्यापर्यंत मी पोचलो तो आमच्या चिरंजीवांमुळे. तेजसने एक भलीमोठी परदेशी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. डोंगरदऱ्यांतून, नदीनाल्यांतून जाणारी गाडी म्हणे. तेजसच्या हातात तिने चढलेली सर्वांत अवघड चढण म्हणजे चांदणी चौक. आठ महिने तीत मिरवून तेजस कॅनडाला गेला आणि हा हत्ती माझ्या दारात बांधून गेला. "विकून टाक," असं मी त्याला दर रविवारी फोनवर सांगत असे. मग दिवाळीच्या आधी श्यामला न्हाणीघरात पडली आणि माझं ते सांगणं बंद झालं.

श्यामला माझी बायको. शाळेत शिवण शिकवायची. पडली तेव्हा खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चाकांची खुर्ची आली. डॉक्टरांनी बजावलं की कमरेत फार वाकायचं नाही. म्हणजे रिक्षा बंद, शेजाऱ्यांच्या लहान गाड्या बंद. त्यांत बसायचं तर खड्ड्यात उतरल्यासारखं उतरावं लागतं. मोठ्या गाडीत चढणं तर दूरच.

पण या हत्तीला एक विद्या येत होती. तिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, चार चाकांवर हवेचे चार रबरी बलून आहेत. बटण दाबलं की बलूनमधली हवा सुटते आणि गाडी फुस्स करून चार बोटं खाली बसते. जानेवारीत मी पहिल्यांदा ते बटण दाबलं. सीट बरोबर श्यामलाच्या कमरेशी आली. तिने पाठ टेकवली, मी तिचे पाय उचलून आत घेतले, आणि आम्ही सासवडला गेलो. त्या दिवसापासून मी गाडीला नावं ठेवलेली नाहीत.

सासवडला मुक्ताई होती. श्यामलाची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. आई लवकर गेल्यामुळे मुक्ताईनेच श्यामलाला वाढवलं होतं. आता ती अंथरुणाला खिळलेली, हृदय थकलेलं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तिचा फोन यायचा. दोघी काय बोलायच्या देव जाणे, पण तेवढा अर्धा तास मला घरात चहा मागायची सोय नसे. आठ-पंधरा दिवसांनी आम्ही बोपदेव घाटातून सासवडला जाऊ लागलो. श्यामला खुर्चीतून बहिणीच्या पलंगाशी जाऊन बसायची आणि मी ओसरीवर पेपर वाचायचो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडीत पिवळा दिवा लागला. स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या मधोमध गाडीचं चित्र, वर-खाली दोन बाण. हा दिवा लागला की गाडी संप करते. एका बाजूला कलते, अर्धवट उंचीला अडून राहते, बटण दाबलं तरी ढिम्म. अशी गाडी घाटात नेऊ नका, असं पुस्तकात छापलेलं. मी ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे ती चार दिवस राहिली आणि दिवा काही लागला नाही. घरी आणली, तिसऱ्या दिवशी सकाळी लागला. पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिथल्या टायवाल्या पोराने सांगितलं की चारही बलून बदला, हवा भरणारा पंप बदला, नाहीतर गाडी विकून टाका. हे सांगताना त्याने गाडीकडे एकदाही पाहिलं नाही, नुसतं हातातल्या पडद्याकडे पाहत होता.

इकडे मुक्ताईचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता. "कधी येशील गं?" एवढंच ती विचारायची. श्यामला म्हणायची, "येते, गाडी दुरुस्तीला आहे." एप्रिल संपत आला तेव्हा श्यामलाने मला स्पष्ट सांगितलं, "ती आता फार दिवसांची नाही. मला तिला एकदा भेटायचंय. बाकी काही नको." मी आमच्या वॉचमनसमोर, सोनबासमोर, गाडीच्या चाकाला लाथ मारली. सोनबा म्हणाला, "साहेब, तिला मारून काय हुनार? खडकीला एक बाई हाय. माझा मेव्हणा तिकडं फॅक्टरीत हाय, त्यो सांगत हुता. असल्याच गाड्या बघती."

बाई, असं मी मनात म्हटलं. कुठल्या सुरात म्हटलं ते लिहीत नाही, पण म्हटलं.

शेडमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खिळ्याला टांगलेली एक जुनी पोलादी पट्टी, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. ते आम्रपालीचे. वय चाळिशीच्या थोडं पुढे, करडा डगला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मी वर्कशॉपचे कागद पुढे केले. तिने ते बाजूला ठेवले आणि विचारलं, "दिवा लागतो कधी? सकाळी की संध्याकाळी? गाडी सुरू केल्या केल्या, की थोडी चालल्यावर?"

"दिवा लागला की मी घड्याळ बघत नाही. देवाचं नाव घेतो."

"घड्याळ बघितलं असतंत तर देवाला त्रास द्यावा लागला नसता," ती म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली गेली.

मी कोथरूडात पन्नास वर्षं राहतो. असं उत्तर इतक्या सहज मला कुणी दिलं नव्हतं. दहा गुण तिथेच पडले.

ती पट्टी तिच्या वडिलांची. धोंडिबा ओव्हाळ दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. काडतुसाचं माप केसभर चुकलं तर ते जवानाच्या हातात फुटायचं, म्हणून हा माणूस मोजल्याशिवाय तोंड उघडत नसे. घरी मुलीने अभ्यास झाला म्हटलं तर विचारायचे, "किती पानं?" आम्रपाली आयटीआयला गेली तेव्हा त्या वर्गात दोनच मुली होत्या. पुढे एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, तर तिथे तिला काउंटरवर बसवून तक्रारी लिहून घ्यायला लावल्या. गाड्यांखाली काम द्या म्हणून तिने तीन वेळा अर्ज केला. चौथ्यांदा अर्ज केला तो राजीनाम्याचा. मधल्या नऊ वर्षांत हजारो गाड्यांच्या तक्रारी तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्या तिने फुकट घालवल्या नाहीत. गाडीवाला काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, हे तिला त्या काउंटरवरच कळलं.

तिने माझी गाडी उचलून धरली आणि चारही बलूनना ब्रशने फेस फासला. फेस रिठ्याचा. "शांपूचा फेस लगेच बसतो. रिठ्याचा टिकतो. आई केसांना लावायची." मग एक रबरी नळी कानाला लावून ती एकेका चाकापाशी बसली. अर्धा तास शेडमध्ये कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. मागच्या डाव्या बलूनच्या सांध्यात मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. तिने मला बोलावून ते दाखवले. वर्कशॉपमधल्या पडद्यावर हे बुडबुडे कधी आले नव्हते. सांधा बदलून तिने गाडी दिली. मी घरी येऊन श्यामलाला म्हटलं, "रविवारी सासवड." तिने मुक्ताईला कळवलंही.

शनिवारी सकाळी दिवा लागला.

 श्यामला खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसली. मग मात्र मी फोन लावला आणि आम्रपालीला जे सुनावलं ते परीक्षा विभागातसुद्धा कुणाला सुनावलं नव्हतं. खुर्ची, खुबा, मुक्ताई, नऊचा फोन, उद्याचा रविवार, सगळं बाहेर पडलं.  मी थांबल्यावर ती म्हणाली, "काका, चूक माझी. एक गळती सापडली म्हणून मी शोधायची थांबले."

 हाताखालच्या कारकुनांकडून मी पस्तीस वर्षं हेच वाक्य काढायच्या प्रयत्नात होतो. कुणी म्हटलं नाही. मीही कधी म्हटलं नाही, म्हणा.

"गाडी झोपते कुठे?" तिने विचारलं.

"पलंगावर. मच्छरदाणी लावून."

"म्हणजे जागा सपाट आहे ना?"

"सोसायटीचं पार्किंग आहे. मी स्वतः करून घेतलंय. सपाटच आहे."

"बरं. मग सात दिवस मापं घ्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, चारही चाकांची. संध्याकाळी गाडी लावल्यावर आणि सकाळी सुरू करायच्या आधी. मिलिमीटरमध्ये."

"मला मोतीबिंदू आहे. मिलिमीटर दिसत नाहीत."

"काकूंना दिसतात ना? चाकाची कमान खुर्चीतल्या माणसाच्या बरोबर हातासमोर येते. काकूंना घेऊ द्या."

मी उत्साहाने काही हे सांगितलं नाही, पण श्यामलाने लगेच कपाटातून आपला शिवणाचा टेप काढायला लावला. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती खाली येऊ लागली. पडल्यापासून डॉक्टर आणि सासवड सोडून ती खाली आलीच नव्हती. पार्किंगमधून लिफ्टकडे जायला दोन पायऱ्या आहेत. पूर्वी तिथे सोनबा आणि मी तिची खुर्ची उचलत असू. फेब्रुवारीअखेर मी कमिटीशी भांडभांड भांडून तिथे सिमेंटचा उतार करून घेतला होता. त्या उतारावरून तिची खुर्ची सरसर खाली यायची. मग चाकाशी खुर्ची लावून, एक डोळा मिटून, मुलींच्या परकराचं माप घ्यावं तसं ती माप घ्यायची आणि वहीत लिहायची. येणारे-जाणारे थांबून विचारायचे. ती सांगायची, "गाडीला झबलं शिवतेय."

वहीवरून आमचं एकदा वाजलं. तिने आकड्यांशेजारी समासात बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. 'आज पेपर उशिरा आला.' 'आज गाडी टँकरमुळे फाटकाबाहेर लावली.' 'आज मुक्ताई नीट बोलली.' मी म्हटलं, "आकड्यांच्या वहीत निबंध नको." ती म्हणाली, "तुमच्या उत्तरपत्रिका नव्हेत या." आणि लिहीत राहिली.

आठव्या दिवशी आम्रपाली स्कूटरवर आली. गाडीकडे न पाहता तिने वही मागितली आणि उतारावरच बसून वाचायला लागली. रोज तेच होतं. संध्याकाळी चारही मापं ठीक, सकाळी गाडी खचलेली, तीही वेडीवाकडी. आम्रपालीचं बोट एका ओळीवर थांबलं. गुरुवारी सकाळी चारही मापं जशीच्या तशी होती. बोट समासात सरकलं.

"बुधवारी टँकर आला होता, काकू?"

"हो. यांनी गाडी बाहेर रस्त्यावर लावली रात्रभर."

आम्रपालीने वही मिटली, उठली आणि आता कुठे गाडीकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून मागच्या डाव्या चाकाखाली बरोबर आणलेली वडिलांची पट्टी सरकवली. पट्टी फरशीवर आडवी बसेना, एका टोकाला उचलली जात होती. कारण ते चाक फरशीवर नव्हतंच. उताराची बाहेरची बाजू जिथे निमुळती होते, तिथे चढलेलं होतं.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "ही गाडी कुलूप लावल्यावरही दर काही तासांनी जागी होते. आपण सरळ उभे आहोत का ते बघते. वाकडी असेल तर हवा सोडून सरळ व्हायला जाते. इंजिन बंद, त्यामुळे भरता येत नाही, फक्त सोडता येते. एक चाक उंचावर असेल तर ती सरळ होणारच कशी? रात्रभर ती हवा सोडत राहते. सकाळी तुम्ही सुरू केलीत की सगळी हवा पंपाला एकदम भरावी लागते. तो तापतो, थांबतो, दिवा लागतो. वर्कशॉपमध्ये सपाट फरशीवर ती शांत झोपत होती, म्हणून तिथे दिवा लागत नव्हता. तो सांधा गळत होता, पण थोडा. खरं कारण हे."

मी म्हटलं, "पण चाक तिथे का..." आणि मान वळवून गाडीच्या नाकापुढे बघितलं. का ते मला माहीत होतं.

आमच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे एक पांढरी रेघ आहे. ती मी मारून घेतली आहे. दोनशे तीनच्या गृहस्थांची गाडी दोन इंच पुढे येते यावरून आमचं दोन वर्षं चाललं होतं, आणि शेवटी माझ्या सहीची सूचना फलकावर लागली की कोणत्याही वाहनाचा कोणताही भाग रेघेपुढे येता कामा नये. उतार झाल्यावर मागची हातभर जागा गेली. गाडी लांब. नाक रेघेच्या आत राहायचं तर मागचं चाक उताराच्या कडेवर चढवणं भाग होतं. रोज गाडी मागे घेताना एक बारीकसा धक्का बसायचा. रोज. मी समाधानाने पुढे येऊन रेघ बघायचो आणि घरी जायचो.

ज्या उतारावरून श्यामला गाडीपर्यंत येणार होती, त्यावरच मी गाडी मोडत होतो. मला बसावंसं वाटलं, पण बसायला तो उतारच होता.

"उद्याच हा उतार अरुंद करून घेतो," मी म्हटलं. "कड फोडून टाकतो."

आम्रपालीने आधी श्यामलाच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उतार कशाला फोडता? रेघ पुसा ना."

श्यामला हसली. दिवाळीपासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत होती. सोनबाही फाटकाकडे तोंड करून हसत असावा, खांदे हलत होते.

आम्रपालीने डगल्याच्या खिशातून आपली एक वही काढली. तीत ती स्वतःच्या चुका लिहिते, गाडीच्या नंबरासकट. मला वाचता येईल अशी धरून तिने लिहिलं, 'गळती मिळाली. जागा पाहिली नाही. फोनवरच्या सपाटवर विश्वास ठेवला.'

"आणि माझी चूक?" मी विचारलं.

"ती तुमच्या वहीत," ती म्हणाली आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी फलकावर नवी सूचना लागली. सेक्रेटरींनी मारलेली रेघ सेक्रेटरींच्याच विनंतीवरून दीड फूट पुढे सरकवण्यात येत आहे. खाली माझी सही. दोनशे तीनच्या गृहस्थांनी तिचा फोटो काढून घेतला. काढू देत. रंग सोनबाने मारला, दोरी मी धरली.

आणि रविवारी सकाळी गाडी फुस्स करून खाली बसली. श्यामलाने पाठ टेकवली, मी पाय आत घेतले, आणि आम्ही घाटाला लागलो. मुक्ताईने बहिणीचा हात हातात घेतला तो दुपारपर्यंत सोडला नाही. मी ओसरीवर होतो. पेपर उलटा धरला होता असं मागाहून श्यामलाने सांगितलं.

असे पाच रविवार मिळाले. सहाव्या आठवड्यात, जुलैच्या सुरुवातीला, मुक्ताई गेली.

दिवस झाल्यावर मी एकटाच खडकीला गेलो. काम काही नव्हतं. आम्रपाली गाडीखालून बाहेर आली, हात पुसले, मला स्टूल दिलं. मी तिला सांगितलं की पाच रविवार झाले. आणि हेही सांगितलं की त्याआधीचे बारा मी घालवले, त्या रेघेपायी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, श्यामलालाही नाही. आम्रपाली माझी समजूत घालेल असं वाटलं होतं. तिने घातली नाही. ती म्हणाली, "हो, गेले बारा. काकू कशा आहेत?"

"ठीक आहे. सकाळी नऊ वाजता मात्र तिच्याकडे बघवत नाही. फोनकडे बघत बसते."

आम्रपालीने मान हलवली आणि पुन्हा गाडीखाली गेली. मी आणखी थोडा वेळ बसलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला फोन वाजला. श्यामलाने दचकून माझ्याकडे पाहिलं, मग उचलला.

"काकू, आम्रपाली बोलतेय," पलीकडून आवाज आला. "आजची मापं घेतलीत का? मला वहीत लिहायचीत. आणि समासातलंही सांगा."

 श्यामलाने मला खुणेनेच टेप आणून द्यायला सांगितलं. आज या गोष्टीला चार महिने झाले. गाडीला कसलाही दोष नाही, दिवा पुन्हा लागलेला नाही, आणि रोज सकाळी नऊ वाजता मला चहा मागायची सोय नाही.